अधिकाऱ्याच्या पाठीमागचा कॅमेरा

दूरचित्रवाणीवरील मालिकांचा गंभीरपणे विचार करण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. कविता, नाटक, आत्मकथन यांच्याविषयी आपण पोटतिडकीने बोलतो. परंतु घराघरांत रोज जे पाहिले जाते त्याला करमणूक म्हणून सोडून देतो. मीही तेच करीत होते. गेल्या जानेवारीत 'राज्यसंस्था आणि कल्याण' हा भाग तृतीय वर्षाच्या वर्गाला शिकवून बाहेर पडले, तेव्हा एका विद्यार्थिनीने मला थांबवून मोबाइलवर एका ब्रिटिश मालिकेचा तुकडा दाखविला. सकाळची अंधुक वेळ. गळ्यात ओळखपत्र अडकविलेले दोन अधिकारी एका इमारतीचा जिना चढतात. त्यांच्या मागोमाग कॅमेरा. दार ठोठावले जाते. आतून झोपमोड झालेला माणूस दार किलकिले करतो आणि त्याला पहिला प्रश्न येतो तो नावाचा, दुसरा येतो तो इथे कोण कोण राहते याचा. विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे लोक चोर आहेत का?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. नंतर या प्रकारच्या मालिकांचे जे भाग मिळाले ते मी पाहिले, त्यामागचा इतिहास वाचला. तो प्रश्न तिने मलाच का विचारला, हे तर मला आणखी उशिरा कळले. त्याविषयी शेवटी सांगेन.

ज्या मालिकांबद्दल मी लिहीत आहे त्या मुख्यतः तीन. ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीने २०१३ साली 'हाऊ टू गेट अ कौन्सिल हाऊस' ही मालिका दाखविली. बीबीसी वन या वाहिनीवर २०१४ मध्ये 'द हाउसिंग एन्फोर्सर्स' आणि २०१५ मध्ये 'कौन्सिल हाऊस क्रॅकडाऊन' या मालिका सुरू झाल्या. तिन्हींचा विषय एकच : नगरपालिकेच्या घरखात्यातला अधिकारी आणि घर मागणारा किंवा घरात राहणारा माणूस. पहिलीत अर्जदार खिडकीपाशी येतो आणि आपली गरज सिद्ध करू पाहतो. दुसरीत अधिकारी खाजगी घरमालकांनी भाड्याने दिलेल्या ओल धरलेल्या, धोकादायक खोल्या तपासतो. तिसरीत अधिकारी पोलिसासारखा आहे. नगरपालिकेचे घर घेऊन ते परस्पर दुसऱ्याला भाड्याने देणाऱ्यांचा, खोटी माहिती देऊन घर मिळविणाऱ्यांचा तो माग काढतो.

वाचकांपैकी अनेकांना 'कौन्सिल हाऊस' म्हणजे काय हे सांगावे लागेल. तिथे शहराच्या किंवा विभागाच्या लोकनियुक्त संस्थेला कौन्सिल म्हणतात. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने या संस्थांवर सरकारी अनुदानातून कामगारांसाठी घरे बांधण्याची जबाबदारी आली. १९४९ साली ॲन्युरिन बेव्हन यांनी कायद्यातला 'कामगार वर्गासाठी' हा शब्दप्रयोगच काढून टाकला. डॉक्टर, शिक्षक आणि खाणकामगार यांनी एकाच रांगेत राहावे हा त्यामागचा विचार. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या जवळजवळ दर तीन कुटुंबांपैकी एक कुटुंब अशा घरात राहत होते. यात गरिबीचा शिक्का नव्हता असे नाही, परंतु तो आजच्याइतका गडद नव्हता. आज कौन्सिलची आणि त्यांच्यासारख्याच गृहसंस्थांची घरे मिळून हे प्रमाण साधारण सहांत एक इतके उतरले आहे.

मधल्या काळात काय घडले? १९८० मध्ये थॅचर सरकारने भाडेकरूला राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. किमतीत तेहतीस ते पन्नास टक्के सूट. पुढच्या चार दशकांत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे अशी विकली गेली. आलेल्या पैशातून नवी घरे बांधण्यावर मात नगरपालिकांवर बंधने घालण्यात आली. ज्यांनी घर घेतले त्यांना मी दोष देणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहिलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचे दार मिळत असेल तर तो ते घेणारच. आपल्यातला कोणीही घेईल. परंतु त्या घराच्या जागी दुसरे घर उभे राहिले नाही. २०२४ साली इंग्लंडमध्ये अशा घरांसाठीच्या प्रतीक्षायादीत तेरा लाखांहून अधिक कुटुंबे होती.

आता मालिकांकडे परत येऊ. विकलेले घर कॅमेऱ्याला दिसत नाही, न बांधलेले घर तर अजिबात दिसत नाही. दिसतो तो एक माणूस, ज्याच्याकडे घर आहे आणि त्याने ते पुतण्याला दिले आहे. त्यामुळे अर्धा-पाऊण तास पाहिल्यावर प्रेक्षकाच्या मनात जो हिशेब बसतो तो असा की, त्या बिचाऱ्या रांगेतल्या बाईला घर मिळाले नाही ते या पुतण्यामुळे. यात खोटे काही नाही आणि तरीही हे सत्य नाही. पोटभाडेकरू ठेवून नफा कमावणारे लोक आहेत, ते गरजू कुटुंबाच्या तोंडचा घास काढून घेतात, हे मान्य केले पाहिजे. 'गरिबांनी केलेले सर्व क्षम्य' अशी भाबडी भूमिका मला घ्यावयाची नाही. परंतु वीस लाख विकलेल्या घरांची एक गोष्ट आणि एका पुतण्याची एक गोष्ट यांपैकी कोणती दाखवावयाची, ही निवड कोणी तरी केलेली असते.

ही निवड कोणत्या वर्षांत झाली तेही पाहावे. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने एक नियम आणला. भाड्यासाठी मदत घेणाऱ्या कुटुंबाकडे एक खोली 'जास्त' असेल तर मदतीच्या हिशेबात धरलेल्या भाड्यातून चौदा टक्के, दोन किंवा अधिक असतील तर पंचवीस टक्के कापावयाचे. लोकांनी त्याला 'बेडरूम टॅक्स' म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सामाजिक गृहनिर्माणातील फसवणूक रोखण्याचा कायदा इंग्लंडमध्ये लागू झाला. पूर्वी जो करारभंग होता तो फौजदारी गुन्हा झाला, जास्तीत जास्त दोन वर्षे कैद. आणि त्याच वर्षी चॅनेल फोरची ती मालिका आली. खोल्या मोजणारा, माणसे मोजणारा अधिकारी कायद्यात आणि पडद्यावर बरोबरच अवतरला.

मात्र हा अधिकारी नवा नाही. त्याचे मूळ मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात सापडले. १८६२ च्या एका कायद्याने तिथल्या तीन किंवा कमी खोल्यांच्या, दोन हजार घनफुटांपेक्षा लहान घरांची मापे घेण्यात आली. घर किती घनफूट आणि त्यात किती प्रौढ माणसे झोपू शकतात, हे आकडे असलेला धातूचा बिल्ला दारावर ठोकण्यात आला. माणशी तीनशे घनफूट हवा. आठ वर्षांखालचे मूल म्हणजे अर्धा माणूस. मग मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत निरीक्षक येत, दार वाजवीत आणि डोकी मोजीत. जास्तीची माणसे कपाटांत शिरत, छपरांवर जाऊन बसत. घर लहान का, भाडे एवढे का, एका खोलीत दोन कुटुंबे का राहतात, यांपैकी कशाचाही हिशेब त्या बिल्ल्यावर नव्हता.

ग्लासगोचे नाव मुद्दाम घेतले. तिथे १८६६ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला होता, आणि १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला तेव्हा राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर ग्लासगोचा नमुना होता. याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत, बी.आय.टी. चाळीत, बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले. म्हणजे घर देणारा साहेब आणि घर मोजणारा साहेब एकच असण्याची ही परंपरा आपल्यापर्यंत एका बोटीतून आली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे मूळ ऑक्टेव्हिया हिल या बाईंचे. १८६५ मध्ये जॉन रस्किन यांनी लंडनच्या मॅरिलेबोन भागातली तीन मोडकी घरे विकत घेऊन त्यांच्या हाती दिली. गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा मिळावा ही अट. हिलबाई आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रिया दर आठवड्याला स्वतः भाडे गोळा करावयास जात. भाडे वेळेवर पाहिजे, थकले तर घर सोडा. त्या बदल्यात दुरुस्ती होईल, फुलझाडे लावू, मुलांना खेळावयास जागा करू. या स्त्रियांनी एक व्यवसाय उभा केला. आजचा गृहनिर्माण अधिकारी त्यांचाच वारस आहे. त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. उच्चभ्रू स्त्रीला चार भिंतींबाहेर काम मिळाले ही गोष्टही लहान नव्हती. परंतु भाडे घेण्यासाठी उंबऱ्यात उभी असलेली बाई भांडी, चादरी, मुलांचे नाक, नवऱ्याच्या तोंडाचा वास हे सर्व पाहत असे, आणि त्यावरून कुटुंब 'सुधारले' की नाही हे ठरवीत असे.

ही नजर पुढे नगरपालिकांनी उचलली. १९३० नंतर झोपडपट्ट्या पाडून लोकांना नव्या घरांत हलविताना त्यांचे सामान बंद गाड्यांत भरून विषारी वायूने निर्जंतुक करण्यात येई, मगच ते नव्या घरात शिरे. ढेकूण खरेच होते, त्यामुळे कृतीला कारण होते. तरीही सर्व शेजाऱ्यांसमोर आपली गादी गाडीत चढताना पाहणाऱ्या बाईला काय वाटले असेल हे या पानांच्या वाचकांना मी समजावून सांगावयास नको.

साठच्या दशकातली हकीकत अधिक उघड आहे. अर्ज आला की नगरपालिकेकडून 'हाउसिंग व्हिजिटर' येई. अर्जदार बाई घर कसे ठेवते याला श्रेणी दिली जाई. उत्तम असेल तर नवे घर, सामान्य असेल तर जुने, वाईट असेल तर पाडावयास काढलेले. जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर या समाजशास्त्रज्ञांनी बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागाचा अभ्यास करून १९६७ मध्ये पुस्तक लिहिले. तिथे घरासाठी नाव लावण्यापूर्वी पाच वर्षे शहरात राहिलेले असणे आवश्यक होते, आणि कॅरिबियन बेटांवरून, पाकिस्तानातून, भारतातून आलेली माणसे या अटीमुळे आणि त्या श्रेणीमुळे मागे राहत, हे त्यांनी दाखविले. अशी प्रतवारी चूक आहे, हे १९६९ साली कलिंगवर्थ समितीने सरकारला लेखी सांगितले. तरी वांशिक समता आयोगाने लंडनच्या हॅकनी नगरपालिकेच्या चौकशीचा अहवाल १९८४ मध्ये दिला तेव्हा काळ्या भाडेकरूंच्या वाट्याला कमी दर्जाची घरे येत असल्याचे आढळलेच. त्या खात्यात बसलेला प्रत्येक कारकून दुष्ट होता असे नाही. नियम कोणाचे नाव घेत नव्हता. आपल्याकडेही कोणता नियम जातीचे नाव घेतो?

येथे मला माझ्या घराविषयी थोडे लिहिणे भाग आहे. माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. कामगारांच्या चाळीत आम्हाला एक खोली आणि मोरी होती. खोली नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली की खोली गेली. वर्षातून एकदा कार्यालयाचा निरीक्षक यावयाचा. तो येणार ही बातमी मुकादमाकडून आदल्या रात्री कळे. आई पहाटे उठून जमीन पुसून घ्यावयाची, पितळेची भांडी चिंचेने घासून फळीवर मांडावयाची. आमच्याकडे शिकावयास राहिलेला आत्याचा मुलगा दप्तर घेऊन विहारात जाऊन बसावयाचा. मी त्याची गोधडी आमच्या गोधड्यांच्या मधोमध घडी करून ठेवी. निरीक्षक आत येत नसे. उंबऱ्याबाहेर उभा राहून मान पुढे करून मोजी. आईने पुढे केलेल्या तांब्याकडे त्याने कधी पाहिले नाही. एकदा मात्र तो फळीकडे पाहून म्हणाला, "घर बरं ठेवलंय." आई ते वाक्य कित्येक दिवस शेजारणींना सांगत होती. त्या वेळी मला आईचा अभिमान वाटला होता. ब्रिटनमधल्या त्या श्रेणीपत्रकाविषयी वाचले तेव्हा हे वाक्य आठवले आणि मला फार वेळ पुढे वाचता आले नाही.

वडील वारले तेव्हा भाऊ बारावीत होता. वारसाहक्काने त्याने झाडू हाती घेतला. झाडू घेतला म्हणून खोली राहिली, खोली राहिली म्हणून मी एम.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी अशी भाड्याच्या पावतीला बांधलेली आहे.

कॅमेऱ्याच्या इतिहासातही एक वळण आहे. १९३५ साली आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी यांनी 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा पंधरा मिनिटांचा अनुबोधपट काढला. पैसे गॅस कंपन्यांच्या संघटनेचे. नव्या घरांत गॅसच्या शेगड्या जाव्यात हा त्यांचा स्वार्थ. परंतु त्यात लंडनच्या स्टेपनी भागातल्या गलिच्छ खोल्यांत राहणाऱ्या बायका-पुरुष स्वतःच्या घरात उभे राहून थेट आपल्याकडे पाहून बोलतात. उंदीर, ढेकूण, ओल, मेलेली मुले, सर्व आपल्या भाषेत सांगतात. सामान्य माणसाने पडद्यावर असे स्वतःच्या तोंडाने बोलणे त्या काळात नवे होते. त्यातही प्रथम बोलतात ते गृहसमितीचे पदाधिकारीच, हा भाग वेगळा. मग १९६६ च्या नोव्हेंबरात केन लोच यांनी दिग्दर्शित केलेले 'कॅथी कम होम' हे दूरचित्रवाणी-नाटक बीबीसीने दाखविले. एक तरुण जोडपे घर गमावते, आणि शेवटी अधिकारी कॅथीची मुलेही तिच्याकडून काढून नेतात. सुमारे एक कोटी वीस लाख लोकांनी ते पाहिले. बेघरांसाठी काम करणारी 'शेल्टर' ही संस्था त्यानंतर पंधरवड्यातच सुरू झाली, आणि १९७७ मध्ये बेघर कुटुंबांची जबाबदारी नगरपालिकांवर टाकणारा कायदा झाला. नाटकामुळे कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अकरा वर्षांत पुष्कळांनी पुष्कळ काम केले. परंतु त्या नाटकात कॅमेरा कॅथीच्या बाजूला उभा होता, आणि अधिकारी दारातून आत येताना दिसत होता. 'कौन्सिल हाऊस क्रॅकडाऊन'मध्ये तो अधिकाऱ्याच्या पाठीमागे उभा आहे आणि आपल्याला दिसते ते दार उघडणाऱ्याचे तोंड. या दोन जागांमध्ये फार तर चार-पाच फुटांचे अंतर असेल.

१९७७ च्या त्या कायद्यातही एक फट होती. जो 'जाणूनबुजून बेघर' झाला त्याला कायमचे घर देण्याची सक्ती नव्हती. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स नगरपालिकेने १९८७ मध्ये बांगलादेशी कुटुंबांच्या बाबतीत अशी भूमिका घेतली की, यांचे घर सिल्हेटात होते, ते सोडून हे इथे आले, म्हणजे हे जाणूनबुजून बेघर. त्याच सुमारास तिथे जुन्या रहिवाशांच्या मुलामुलींना घरे देताना अग्रक्रम देणारी योजनाही होती. वारसाहक्क तिथेही होता तर! फरक इतकाच की, त्यांच्या वारसाला घराबरोबर झाडू घ्यावा लागत नव्हता.

परंतु याच वस्तीने अधिकाऱ्याची वाट न पाहता घरे घेतली होती, हे या मालिकांतून कळत नाही. १९७६ साली तिथल्या बंगाली कुटुंबांनी 'बेंगाली हाउसिंग ॲक्शन ग्रुप' स्थापन केला. इंग्रजी आद्याक्षरे जोडली की 'भाग' होते, आणि तो उच्चार बंगालीतल्या वाघाच्या नावाशी जुळतो. नगरपालिकेने रिकाम्या ठेवलेल्या पेलहॅम बिल्डिंग्जसारख्या इमारतींत कुटुंबेच्या कुटुंबे शिरली, वीज-पाणी जोडून राहिली. रस्त्यावर वंशद्वेष्ट्यांचे हल्ले होत असल्यामुळे रात्री आळीपाळीने पहारा. 'रेस टुडे' या नियतकालिकाच्या गटातले पुण्याचे फारुख धोंडी आणि माला सेन या लढ्यात पुढे होते. पुढे, जिथे राहणे सुरक्षित वाटेल अशा इमारतींची यादी या कुटुंबांनीच नगर प्रशासनाला दिली. अर्जदाराने अधिकाऱ्याला यादी देणे, हा उलटा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. हेच धोंडी १९८४ ते १९९७ या काळात चॅनेल फोरवर बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे प्रमुख होते. २०१३ मध्ये त्याच वाहिनीची मालिका त्याच टॉवर हॅम्लेट्समध्ये गेली, तेव्हा तिने खिडकीबाहेर रांगेत बसलेली माणसे दाखविली.

अधिकाऱ्यांविषयी अन्याय होऊ नये म्हणून लिहिते : 'द हाउसिंग एन्फोर्सर्स'मधले काही अधिकारी मला आवडले. बागेतल्या पत्र्याच्या खोपटात भाडेकरू ठेवणाऱ्या मालकाला ते जाब विचारतात, ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला लावतात, मालकाच्या गोड बोलण्याला भुलत नाहीत. काहींच्या आडनावांवरून आणि बोलण्यावरून कळते की त्यांचे आईबापही कधी तरी बाहेरच्या देशातून आलेले असणार. अशा माणसाने दुसऱ्या स्थलांतरिताला 'तुझी गरज पुरेशी नाही' असे सांगावयाचे! त्याच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येते आणि जाते, ते मालिकेच्या निवेदनात कोठेही नाही.

अधिकाऱ्याची नजर चुकली तर काय होते, याचे एक उदाहरण रॉचडेल गावाचे. तिथल्या गृहसंस्थेच्या एका खोलीवजा घरात सुदानहून आलेले कुटुंब राहत होते. भिंतींवर बुरशी आहे अशी तक्रार वडिलांनी २०१७ मध्ये केली. त्यांना त्यावर रंग द्यावयास सांगण्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकाराने मेला. बुरशीत सतत राहिल्याने तो मेला असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. चौकशीत बाहेर आले की संस्थेतल्या लोकांनी बुरशीचे कारण कुटुंबाच्या राहणीत शोधले होते, त्यांची आंघोळीची पद्धत, धार्मिक स्नान इत्यादी. ते गृहीत धरणे चूक होते असे संस्थेने नंतर मान्य केले. हवा खेळती नव्हती, दोष घराचा होता. पण पाहणाऱ्याने माणूस पाहिला आणि दोष माणसात ठेवला. बादलीने आंघोळ करतात म्हणून भिंत ओली! ज्यांच्या वस्तीला 'हे लोकच घाणेरडे' म्हणून वर्षानुवर्षे गटार मिळाले नाही, त्यांना हे तर्कशास्त्र नवीन नाही.

त्या मुलाच्या नावाने 'अवाबचा कायदा' म्हणून ओळखली जाणारी तरतूद २०२३ च्या कायद्यात आली आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये तिचा पहिला टप्पा लागू झाला. जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत उपाय; ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर दहा कामाच्या दिवसांत तपासणी आणि त्यानंतर पाच दिवसांत घर सुरक्षित करणे. म्हणजे आता भाडेकरूच्या हातीही एक मुदत आली.

हे घडविण्यात कॅमेऱ्याचाही वाटा आहे, परंतु तो कॅमेरा दुसरा. २०२१ मध्ये आयटीव्हीचे बातमीदार लंडनच्या क्रॉयडन भागातल्या रेजिना रोडवरच्या इमारतीत गेले. भाडेकरूंनी त्यांना आत नेले, छतातून गळणारे पाणी दाखविले. त्याच वर्षी क्वाजो ट्वेनेबोआ या तरुण भाडेकरूने आपल्याच घराची छायाचित्रे काढून लोकांपुढे ठेवली आणि मग शेजारी, मग इतर गावचे भाडेकरू त्याला बोलावू लागले. त्यापूर्वी ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीतल्या रहिवाशांनी २०१६ च्या नोव्हेंबरात लेखी इशारा दिला होता की, येथे मोठा अपघात झाल्याशिवाय कोणाचे डोळे उघडणार नाहीत. १४ जून २०१७ च्या रात्री तिथे बहात्तर माणसे जळून गेली. त्या वेळेपर्यंत त्या इमारतीच्या आत जाऊन भाडेकरूंचे म्हणणे ऐकणारी मालिका कोणाला सुचली नव्हती.

आता वसतिगृहाचे. आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सत्रातून दोनदा रात्रीची तपासणी होते. समितीत माझे नाव आहे. नावावर खाट नसताना राहणाऱ्या मुलीला मुली आपसांत 'पॅरासाइट' म्हणतात, हसत म्हणतात. त्या विद्यार्थिनीने मला तो प्रश्न विचारला त्यानंतर आठवड्याने तपासणी निघाली. तिच्या खोलीचे दार मीच वाजविले. तिच्यासोबतची मुलगी दिवाळीनंतर गावाहून परत आलेली नव्हती, आणि त्या खाटेवर एक अनोळखी मुलगी उठून बसली होती. पोलीस भरतीची तयारी करणारी, हिची मावसबहीण. दाराशी चपलांचे दोन जोड होते. एकीने पायाने दुसरा जोड खाटेखाली सरकविला. ती हालचाल मला पाठ होती.

रजिस्टरात 'आढळलेल्या अनधिकृत व्यक्ती' असा रकाना आहे. मी त्यात शून्य लिहिले. रेक्टरबाईंनी सही केली.

वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत एकोणीस मुली आहेत. पहिल्या क्रमांकाची मुलगी माझ्याच वर्गात आहे. ती पहाटे साडेपाचच्या एस.टी.ने येते, पहिल्या तासाला बहुधा उशीर होतो, आणि मी तिला आत घेते. पुढची तपासणी परीक्षेच्या अगोदर आहे.